बालीचे ९५ हजार भरायच्या आधी

पत्र असं आहे:

"ताई, मी २४ वर्षांची, गाव मिरजेजवळ. पुण्यात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, केलं, आता सांगलीत एका संस्थेत काम करते, पगार १८ हजार. परदेशात जाऊन काही महिने तरी व्हॉलंटिअरिंग करायची खूप इच्छा आहे. इन्स्टावर एका कंपनीची जाहिरात बघितली, बालीत दोन आठवडे, अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, शनिवार-रविवार फिरणं, फी ९५ हजार आणि विमानाचं तिकीट वेगळं. माझ्याकडे साठवलेले ६० हजार आहेत. बाकीचे दादाकडे मागितले तर म्हणाला पैसे भरून कसली आलीय सेवा. आई म्हणते सेवा करायला इथं काय माणसं कमी पडलीत का. फुकटात नाहीतर कमी पैशात जायचा खरंच काही मार्ग असतो का, की सगळीकडे असंच असतं? कॉलेजात असताना जर्मन ए२ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत, केलंय, त्याचा काही उपयोग होईल का? — मिरजेकडची एक"

अगं मिरजेकडची, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू शेवटी ढकललीयेस, ती जर्मनची. तिच्याकडे येतेच, पण आधी ते बालीचं उरकून टाकू कारण तिथे पैसे जायची घाई दिसतेय.

९५ हजार भागिले १४ केलंस का? दिवसाला पावणेसात हजार पडतात, तिकीट सोडून. एवढ्यात बालीत चांगल्या हॉटेलात राहून मजेत फिरता येतं, आणि फिरायचंच असेल तर खुशाल फीर, त्यात वाईट काहीच नाही, पण मग त्याला सेवा म्हणू नको. दुसरं म्हणजे पर्यटक व्हिसावर इंडोनेशियात काम करायला परवानगी नाही, बिनपगारी कामालाही नाही, म्हणजे कंपनी तुला टुरिस्ट म्हणून आत घुसवणार आणि चौकशी झाली तर अडकणार तू, कंपनी नाही. तिसरी गोष्ट तुला मी सांगायची म्हणजे कमालच आहे कारण तू एमएसडब्ल्यू आहेस. इंडोनेशिया काय नि नेपाळ काय, अशा 'अनाथाश्रमां'मधल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, जिवंत असतात. गरिबीमुळे, शिक्षणाच्या आशेने मुलं तिथे ठेवलेली असतात, आणि पैसे देणारे पाहुणे येत राहिले की मुलं आणून ठेवणाऱ्यांचाही धंदा चालतो. वर दर दोन आठवड्यांनी नवीन ताई येते, जीव लावते, फोटो काढते आणि जाते. आपल्या इथल्या बालगृहात कुणीही उठून यावं, कसलीही चौकशी न होता मुलांमध्ये पंधरा दिवस राहावं, असं तू तुझ्या संस्थेत चालू देशील का? नाही ना. मग बालीत पण नको. बालगृह आणि अनाथाश्रम असलेला कुठलाही छोट्या मुदतीचा प्रोग्रॅम डोळे झाकून काट मार.

दादा बरोबर बोलला का? अर्धं. पैसे भरून केलेलं सगळंच खोटं असतं असं नाही, तुझं राहणं-खाणं कुणीतरी भरतच असतं, तर कधी ते तू भरणं रास्तही असतं. प्रश्न विचारायचा तो असा की माझा खर्च कोण उचलतंय आणि का उचलतंय. ज्यांना वर्षभर रोज आठ तास दोन हातांची खरंच गरज असते ते तुला राहायला देतात, जेवायला देतात, वर हातखर्चालाही देतात. ज्यांना तुझ्या हातांची गरज नसते, तुझ्या पैशांची असते, ते फी लावतात. म्हणून फुकट पाहिजे असेल तर दोन आठवड्यांचा विचार सोडून दे. सहा महिने, वर्ष, अशा मुदतीतच फुकट सापडतं.

आणि यातली गंमत अशी की आपल्या पासपोर्टवर खरा खर्च प्रोग्रॅमचा नसतोच, व्हिसाचा असतो. इंटरनेटवर 'फुकट व्हॉलंटिअरिंग' म्हणून जे लेख फिरतात ते बहुतेक अमेरिकन नाहीतर युरोपियन पोरांसाठी लिहिलेले असतात. पीस कोअर ही अमेरिकन सरकारची स्वयंसेवक योजना, फक्त अमेरिकन नागरिकांसाठी. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर, ज्यात तिकीट-राहणं-पॉकेटमनी सगळं मिळतं, ते युरोप आणि आजूबाजूच्या देशांतल्या १८ ते ३० वयाच्या पोरांसाठी, भारत त्या यादीत नाही. त्यामुळे असे लेख वाचून हुरळून जाऊ नको आणि तिथे नाही मिळालं म्हणून खचूनही जाऊ नको. उलटीकडून सुरू कर. आधी बघ कुठला देश भारतीय माणसाला या कामासाठी सरळ, कायदेशीर, परवडणारा व्हिसा देतो, मग त्या देशात काम शोध.

असं उलटीकडून बघितलं की तुझ्यासाठी पहिला देश येतो जर्मनी.

तिथे सरकारी कायद्याखाली चालणाऱ्या दोन योजना आहेत, एक बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, सगळे बीएफडी म्हणतात, आणि दुसरी एफएसजे, म्हणजे स्वयंसेवेचं सामाजिक वर्ष. २०११ मध्ये जर्मनीने सक्तीची लष्करी भरती थांबवली, तेव्हा लष्कराऐवजी दवाखान्यात, वृद्धाश्रमात काम करणारी पोरं पण बंद झाली, ती जागा भरायला बीएफडी आलं. एफएसजे त्याच्याआधीपासून आहे, ते २७ वर्षांच्या आतल्यांसाठी, बीएफडीला वरची वयाची अट नाही. दोन्ही साधारण १२ महिन्यांची. काम कुठे? वृद्धाश्रम, अपंगांच्या वसाहती, हॉस्पिटल, बालवाड्या, अपंग मुलांच्या शाळा. पर्यावरणात रस असेल तर एफओजे म्हणून तिसरा प्रकार आहे. कारितास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस, लेबेन्सहिल्फे अशा मोठ्या संस्था हे चालवतात. महिन्याला पॉकेटमनी मिळतो, बऱ्याच ठिकाणी राहायला खोली आणि जेवण मिळतं, नाहीतर त्याबदली पैसे, हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचे हप्ते संस्था भरते, वर्षात २५ दिवस सेमिनार असतात जिथे बाकीची पोरं भेटतात, आणि हक्काची रजा वेगळी. परदेशी लोकांना याच कामासाठी व्हिसा मिळतो, फी ७५ यूरो. म्हणजे पासपोर्ट नसेल तर त्याचे दीड हजार, पोलीस क्लिअरन्स मागितलं तर पाचशे, व्हिसाचे सात-आठ हजार आणि एका बाजूचं तिकीट. तुझ्या ६० हजारात बसतं, थोडं काटकसरीने आणि तिकीट लवकर काढलंस तर.

आता यातली अडचण काय ते पण ऐक. पहिली भाषा. कागदावर ए२ वर अनेक संस्था घेतात, पण मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते आणि समोरची बाई सावकाश बोलत असली तरी जर्मनमध्येच बोलते, तेव्हा ए२ चं सर्टिफिकेट असून तोंड उघडलं नाही तर संपलं. माझं ऐकशील तर पुढची पातळी, बी१, कर. सांगली-मिरजेत क्लास मिळाला तर ठीक, नाहीतर पुण्यात माक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, ऑनलाइन बॅचेस पण असतात. शनिवारी दोन तासांचा क्लास करून बी१ होत नाही हे तुला माहीत असेलच. आणि तुझं ए२ चं सर्टिफिकेट किती जुनं आहे ते बघ, फार जुनं असेल तर परत परीक्षा द्यायला सांगू शकतात.

दुसरी अडचण एजंट. आपल्याकडे आता याचे पॅकेज विकणारे भरपूर झालेत, बीएफडी-एफएसजे लावून देतो म्हणून लाख-दीड लाख मागतात. अगं, अर्ज तू स्वतः ईमेलने करायचा असतो, जर्मन संस्था त्यासाठी तुझ्याकडे पैसे मागत नाही, करार तिच्यात आणि तुझ्यात होतो. एजंट फक्त तुझा बायोडेटा पुढे पाठवतो आणि कधीकधी तोही कॉपी-पेस्ट केलेला, पंचवीस पोरांची सगळ्यांची 'मोटिव्हेशन' एकच. संस्थेतल्या माणसांना ते पहिल्या ओळीत कळतं. आणखी एक घोळ होतो तो म्हणजे २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला ना, त्याचं नाव घेऊन काहीजण हे विकतात, पण तो नोकरीचा विषय आहे, स्वयंसेवेचा नाही. तसंच 'ओ पेअर' म्हणून कुणी काही सांगितलं तर ते एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणं असतं, चांगलं असू शकतं पण ते तुला हवंय ते नाही.

तिसरी अडचण व्हिसाची. महाराष्ट्रातल्या लोकांचा अर्ज मुंबईतल्या जर्मन वकिलातीकडे जातो. करारात पॉकेटमनी किती, राहणं-जेवण कुणाकडे हे स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं, कमी पडतंय असं वाटलं तर वरचा फरक दाखवायला सांगतात. आणि विचारतात की एमएसडब्ल्यू झालेली, नोकरी असलेली मुलगी वृद्धाश्रमात वर्षभर काम करायला का निघालीय. याला घोकलेलं उत्तर देऊ नको. तुझ्याकडे खरं उत्तर आहे, इथे तू ज्या लोकांबरोबर काम करतेस तशाच लोकांची तिथे व्यवस्था कशी चालते ते तुला आतून बघायचंय. बरीच पोरं हे वर्ष करून पुढे तिथेच नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे कामासोबतच्या प्रशिक्षणाला, लागतात, तो रस्ता उघडा आहे, पण तुझ्या मनात तो असेल तर आधी स्वतःशी कबूल कर, कारण मग घरच्यांशी बोलणं वेगळं होईल.

आणि काम काय असतं ते जाहिरातीसारखं समजू नको. सकाळी सहाची पाळी, आजोबांना उठवायचं, अंघोळ घालायची, डायपर बदलायचा, ब्रेडला लोणी लावून भरवायचं, चादरी, भांडी, फिरायला नेणं, आणि एकच गोष्ट दहा वेळा ऐकणं. ओळखीतला सोलापूरचा एक पोरगा असाच गेला होता, पहिल्या थंडीत रोज आईला फोन करून परत येतो म्हणायचा, गाव छोटं, रविवारी दुकानं बंद, साडेचारला अंधार. फेब्रुवारीनंतर फोन कमी झाले कारण तोपर्यंत तिथल्या एका आजीने त्याला पत्ते शिकवले होते आणि तो रोज हरत होता. सगळ्यांचं असं जमतंच असं नाही. जमलं नाही तर करार मध्येच संपवता येतो, पण मग व्हिसाही गेला असं धर.

जर्मनीतच दुसरी एक वाट आहे, वेल्टवेर्ट्स नावाच्या योजनेत आपल्यासारख्या देशांतली १८ ते २८ वयाची पोरं वर्षभरासाठी जर्मनीला जातात आणि त्यात प्रवास, भाषेचा कोर्स, विमा सगळं धरलेलं असतं. तिथे एकट्याने अर्ज करता येत नाही, इथली भागीदार संस्था आणि तिथली संस्था मिळून पाठवतात. तुझ्या संस्थेचे किंवा तुझ्या कॉलेजच्या ओळखीतल्या संस्थांचे कुणी जर्मन पार्टनर आहेत का एवढं विचारून बघ, एका फोनचं काम आहे, जागा कमी असतात पण एमएसडब्ल्यूवाल्यांना त्या बातम्या आधी कळतात.

इंग्लंड-स्कॉटलंडचं थोडक्यात सांगते म्हणजे फरक कळेल. कॅम्पहिल म्हणून वसाहती आहेत, १९४० मध्ये स्कॉटलंडमधे ॲबर्डीनजवळ कार्ल क्योनिग नावाच्या डॉक्टरने सुरू केल्या, आता बऱ्याच देशांत आहेत. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि स्वयंसेवक एकत्र राहतात, शेती करतात, बेकरी चालवतात, विणकाम करतात. राहणं, जेवण, हातखर्च मिळतो आणि काम खरंच सुंदर आहे. पण ब्रिटनला जायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो, त्याची फी वेगळी आणि वर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे लाखाच्या वरच गेलं. काही संस्था तो भरतात, काही नाही. पहिल्या ईमेलमध्येच विचार, लाजू नको. म्हणजे बघ, दोन्हीकडे सारखंच 'फुकट' काम, एकीकडे सरकारी खर्च सात-आठ हजार, दुसरीकडे लाख. कॅम्पहिलच आवडलं तर जर्मनीतही आहेत आणि तिथे बीएफडीवर जाता येतं.

आता तू विचारलं नाहीस पण विचारशीलच, वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स, वूफ. वर्षाची थोडी मेंबरशिप भरायची, मग जगभरातले यजमान सापडतात, दिवसाला चार-पाच तास काम केलं की राहणं आणि जेवण. वूफ हे सेंद्रिय शेतांचं, १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं. ऐकायला भारी आहे आणि काम आवडणाऱ्यांना आवडतंही, पण बऱ्याच देशांत राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं काम म्हणजे कामच धरतात. न्यूझीलंडमध्ये वूफिंग करायला वर्क व्हिसाच लागतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी जास्तीत जास्त ३० दिवस आणि तेही मुख्य हेतू दुसरा असेल तरच. हॉस्टेलच्या रिसेप्शनवर बसणं यात बसत नाही. गोऱ्या पासपोर्टवाले हे सर्रास करतात आणि रील्स टाकतात, त्यांना विमानतळावर कुणी फारसं विचारत नाही, आपल्याला विचारतात, फोनमधले मेसेज बघतात, आणि एकदा परत पाठवलं की पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर ते लिहावं लागतं. हे अन्यायाचं आहे पण आहे. आणि एकट्या मुलीने यजमान निवडताना मागच्या मुलींचे रिव्ह्यू वाचावेत, त्यातल्या दोघींशी स्वतः बोलावं, एकच रिव्ह्यू असलेला एकटा राहणारा यजमान नको, मग तो कितीही गोड लिहू दे.

यातून कायदेशीर पळवाट हवी असेल तर ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केलाय, वर्षाला १,००० जागा, लॉटरीने, १८ ते ३० वयासाठी. ब्रिटनची पण यंग प्रोफेशनल्स म्हणून व्हिसाची लॉटरी आहे, नाव टाकायला पैसे नाहीत. पण दोन्हीत नंबर लागल्यावरची फी आणि बँकेत दाखवायची रक्कम तुझ्या आवाक्याबाहेर आहे सध्या, म्हणून हे नुसतं माहीत असू दे.

मुदत कमीच पाहिजे असेल, समजा संस्थेतून वर्षाची सुट्टी मिळणारच नाही, तर वर्ककॅम्प बघ. आपल्याकडे आनंदवनवाल्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी असते ना, बाबा आमट्यांनी १९६७ पासून सुरू केलेली, तसंच काहीसं, दोन-तीन आठवडे, वेगवेगळ्या देशांची पोरं, सकाळी अंगमेहनत आणि संध्याकाळी गप्पा-गाणी. एससीआय म्हणजे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही यातली जुनी संघटना. पिएर सेरेझोल नावाच्या स्विस इंजिनियरने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधे वर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात पहिला कॅम्प लावला, आणि हा माणूस १९३४ च्या बिहार भूकंपानंतर इथे येऊन गावं परत बांधायला राबला होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. एससीआयची भारतातही शाखा आहे. कॅम्पला राहणं-जेवण मिळतं, नोंदणीचे थोडे पैसे, प्रवास आणि व्हिसा मात्र तुझा. युरोपचा शेंगेन व्हिसा ९० यूरो, वर व्हिसा सेंटरची फी, तिकीट, विमा, सगळं धरून दोन आठवड्यांसाठी लाख गेले समज. म्हणून वर्ककॅम्प करायचा तर आधी जवळचा.

जवळचा म्हणजे नेपाळ. आपण परदेश म्हटलं की विमानच डोळ्यासमोर आणतो, पण १९५० च्या करारामुळे भारतीय माणसाला नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही, राहायला आणि काम करायलाही मुभा आहे. जगात आपल्याला इतकी मोकळीक दुसरीकडे कुठेच नाही, आणि आपण तिकडे पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ सोडून बघत नाही. पुण्याहून किंवा मुंबईहून गोरखपूर रेल्वेने, तिथून बसने सुनौली, सीमा चालत ओलांडायची आणि पुढे काठमांडूची बस. जाऊन-येऊन आठ-दहा हजारांत होतं. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र जवळ ठेव, आधार कार्ड तिथे चालत नाही, यात लोक अडकतात. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, दर ठरलेला आहे. भूतानलाही व्हिसा नाही पण रात्रीला १,२०० रुपये सरकारी शुल्क आहे, महिनाभर राहणार म्हटल्यावर तिथेच बजेट कोलमडलं.

नेपाळमध्ये काय करशील? बालगृह नाही, ते वर बोललोच. शेती, शाळेतल्या शिक्षकांना मदत, महिला गटांचं काम, अपंगांसोबत काम करणाऱ्या संस्था. तू प्रशिक्षित आहेस, मराठी-हिंदी येते, हिंदीवर नेपाळमध्ये बरंच भागतं, गोऱ्या पोरांना जे तीन महिन्यांत जमत नाही ते तुला आठवड्यात जमेल. थेट संस्थेला लिही, मधल्या कंपनीला नाही, आणि विचार की मी दोन महिने येते, अमुक काम येतं, राहायची सोय तुम्ही करू शकता का, जेवणाचे पैसे मी देते. असं रोखठोक लिहिलं की उत्तरं येतात. पंधरा संस्थांना लिहिलंस तर दोन-तीन जण नीट बोलतील, त्याला वाईट वाटून घेऊ नको.

एक वेगळी वाट सांगून ठेवते, सगळ्यांसाठी नाही. तू विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं असशील, इगतपुरीला म्हण किंवा दुसरीकडे, तर जगभरातल्या केंद्रांवर धम्मसेवेसाठी अर्ज करता येतो, स्वयंपाकघर, साफसफाई, शिबिरार्थींची व्यवस्था, राहणं-जेवण फुकट. काठमांडूजवळ बुढानीलकंठला धर्मशृंग केंद्र आहे, तिथे तर व्हिसाचीही कटकट नाही. पण केलेलं नसेल तर फुकट राहायला मिळतं म्हणून दहा दिवस मौनात बसू नको, चौथ्या दिवशी पळून येशील.

यूएन व्हॉलंटिअर्सबद्दल सगळे विचारतात म्हणून, ते खरं आहे, बॉनमध्ये ऑफिस आहे, १९७० मध्ये स्थापना झाली, निवड झाली तर राहणीमान भत्ता, प्रवास, विमा सगळं मिळतं आणि अर्जाला एक पैसा लागत नाही. यूएनच्या नावाने कुणी प्रोसेसिंग फी मागितली की तो भामटा, विषय संपला. पण स्पर्धा जोरात असते. २६ वर्षांपर्यंतच्यांसाठी युवा गट आहे, त्यात तू बसतेस अजून दोन वर्षं, आणि २७ नंतर पुढच्या गटात अनुभव मागतात. प्रोफाईल आजच बनवून ठेव, आणि त्यांचं ऑनलाइन व्हॉलंटिअरिंग आहे ते घरी बसून करता येतं, एखाद्या संस्थेसाठी भाषांतर, सर्व्हे, लिखाण. सांगलीत राहून रात्री दोन तास. परदेश बघणं होत नाही, पण पुढच्या अर्जात ते दिसतं. आयसेक या विद्यार्थी संघटनेचं पण ऐकलं असशील, सहा-आठ आठवड्यांचे प्रोजेक्ट, त्याला फी आहे आणि तिकीट तुझं, कॉलेजातल्या पोरांना मजा येते, तू त्याच्या पुढे गेलीयेस असं मला वाटतं.

आईचं काय. आई म्हणते सेवा करायला इथं माणसं कमी पडलीत का, आणि तिच्याशी वाद घालू नको कारण ती बरोबर आहे. इथे कमी नाहीत, तू तर रोज तेच करतेस १८ हजारांत. तिला असं सांग की मी तिथे सेवा करायला नाही, शिकायला चाललेय. म्हातारी माणसं, अपंग माणसं यांची काळजी घ्यायची जबाबदारी घरातल्या सुनेवर न टाकता एखादा समाज ती कशी वाटून घेतो, त्यात काय चांगलं होतं आणि म्हातारी माणसं किती एकटी पडतात, हे बघून आलीस तर सांगलीतच त्याचा उपयोग आहे. 'गरिबांना मदत करायला परदेशी' हे वाक्य तुझ्या डोक्यातूनच काढ, जर्मनीला तुझ्या दयेची गरज नाहीये आणि नेपाळलाही नाही. आणि आईला खरी काळजी वेगळीच असणार, वर्ष गेलं म्हणजे लग्नाचं लांबणार, मुलगी तिकडेच राहिली तर. ते ती बोलणार नाही, तूच विषय काढ. दादाला मात्र करार वाचायला दे, त्यात पॉकेटमनीचा आकडा असतो, पैसे भरणं तर सोडच, उलट मिळतात म्हटल्यावर तो गप्प बसेल.

आता वेळापत्रक. जर्मनीत ही वर्षं बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, परदेशातून येणाऱ्यांनी नऊ-दहा महिने आधी अर्ज टाकलेला बरा कारण मुलाखत, करार आणि व्हिसाची अपॉइंटमेंट यातच वेळ जातो. म्हणजे दिवाळीच्या आत बी१ च्या क्लासला नाव घाल आणि दिवाळीनंतर ईमेल सुरू कर. पत्र जर्मनमध्ये स्वतः लिही, चुका राहू देत, एआयकडून गुळगुळीत करून घेतलंस तर मुलाखतीत उघडी पडशील. पत्रात तुझं सांगलीतलं काम लिही, कुठल्या लोकांबरोबर, रोज काय करतेस, अगदी साधं. राहायची खोली तुम्ही देता का, जेवणाचं काय, पॉकेटमनी किती, भारतातून आलेली मुलं आधी घेतलीत का आणि त्यातल्या एकीशी बोलता येईल का, हे पाच प्रश्न शेवटी टाक. शेवटच्या प्रश्नाला जी संस्था टाळाटाळ करेल तिला यादीतून काढ. आणि नेपाळ त्याच्या आधी उन्हाळ्यात महिनाभर करून येता आलं तर बघ, संस्थेत रजा मागायला मार्चच्या आतच बोल, नंतर ऑडिटच्या गडबडीत कुणी ऐकून घेत नाही.